उडी शार्कवरची, घसरण मालिकेची

२० सप्टेंबर १९७७ च्या रात्री अमेरिकेतील ‘एबीसी’ वाहिनीवर एक विलक्षण दृश्य झळकले. ‘हॅपी डेज’ या अत्यंत लोकप्रिय विनोदी मालिकेचा लाडका नायक फॉन्झी समुद्रात उतरला होता. पायांत वॉटर-स्की, अंगात पोहण्याचा पोशाख आणि त्यावर त्याचे सुप्रसिद्ध चामडी जाकीट! समोर पाण्यात कोंडून ठेवलेला शार्क मासा. वेगाने येणाऱ्या फॉन्झीने त्या शार्कवरून झेप घेतली आणि तो सुखरूप पलीकडे उतरला. त्या रात्री कोट्यवधी प्रेक्षकांनी हे दृश्य पाहिले. मात्र पुढे याच उडीने इंग्रजी भाषेला एक वाक्प्रचार दिला. ‘जंप द शार्क’, अर्थात ‘शार्कवरून उडी मारणे’. एखाद्या मालिकेकडे सांगण्यासारखे काही उरले नाही आणि प्रेक्षकांना धरून ठेवण्यासाठी ती वाटेल त्या करामती करू लागली, की तिने शार्कवरून उडी मारली असे म्हटले जाते.

मराठी प्रेक्षकाला हा अनुभव मुळीच नवा नाही. ‘मालिकेत पाणी घातले’, ‘रबरासारखी ताणली’, ‘मारुतीचे शेपूट झाले’ असे आपण म्हणतच असतो. परंतु पाणी घालणे आणि शार्कवरून उडी मारणे यांत फरक आहे. पाणी घातलेल्या मालिकेत काहीच घडत नाही. उडी मारणाऱ्या मालिकेत मात्र नको तितके घडते. पहिलीत प्रेक्षकाचा वेळ जातो, दुसरीत त्याचा विश्वास.

संज्ञेचा जन्म

हा वाक्प्रचार समीक्षकांनी घडवलेला नाही. १९८५ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात शिकणारे काही मित्र आवडत्या मालिका नेमक्या कोणत्या क्षणी बिघडल्या, यावर गप्पा मारीत बसले होते. त्यांतील शॉन कॉनली या विद्यार्थ्याने ‘हॅपी डेज’मधील शार्कच्या उडीचे उदाहरण दिले आणि ते सर्वांनाच पटले. त्याचा सोबती जॉन हाइन याने १९९७ मध्ये याच नावाचे संकेतस्थळ सुरू केले, २००२ मध्ये पुस्तकही काढले. पाहता पाहता ही संज्ञा दूरचित्रवाणीची वेस ओलांडून राजकीय नेते, गायक आणि कंपन्या यांनाही लावली जाऊ लागली. फॉन्झीची भूमिका करणारे हेन्‍री विंकलर यांनीही या थट्टेत आनंदाने भाग घेतला. २००५ मध्ये ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ या मालिकेत त्यांचे पात्र धक्क्यावर पडलेल्या मेलेल्या शार्कवरून टुणकन उडी मारून निघून जाते.

उडीच्या आधीची पावले

एका उडीने मालिका कोसळत नाही. ती उडी मारावीशी का वाटली, याची मुळे आधीच्या वर्षांत सापडतात. जानेवारी १९७४ मध्ये सुरू झालेली, गॅरी मार्शल यांनी निर्माण केलेली ‘हॅपी डेज’ ही मुळात मिलवॉकी शहरातील कनिंगहॅम या मध्यमवर्गीय कुटुंबाची गोष्ट होती. काळ १९५० च्या दशकाचा. रॉन हॉवर्ड यांनी साकारलेला रिची हा साधासुधा, काहीसा बुजरा मुलगा तिच्या केंद्रस्थानी होता. मोटारसायकलवरून फिरणारा फॉन्झी हे सुरुवातीला दुय्यम पात्र होते.

प्रेक्षकांना मात्र फॉन्झी भावला. पहिली दोन पर्वे चित्रपटाप्रमाणे एकाच कॅमेऱ्यावर चित्रित झाली होती. तिसऱ्या पर्वापासून ही मालिका स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांवर चित्रित होऊ लागली. फॉन्झीने नुसते पाऊल टाकले तरी टाळ्यांचा कडकडाट होई आणि तो थांबेपर्यंत नटांना वाट पाहावी लागे. जिथे टाळी मिळते तिकडेच कथानक वळणार, हे ओघानेच आले. १९७५ मध्ये फॉन्झीने कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेवरून मोटारसायकल उडवली होती, पण त्या वेळी तो जखमी झाला होता. धाडसाची किंमत मोजावी लागते, एवढे भान त्या गोष्टीला होते.

१९७६-७७ च्या हंगामात ‘हॅपी डेज’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शिखरावरून पुढे कुठे जायचे, हा प्रश्न येथेच उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून पाचव्या पर्वाच्या आरंभी सारी पात्रे हॉलिवूडला नेण्यात आली. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘जॉज’ या १९७५ च्या चित्रपटामुळे शार्कचे वेड अजून ओसरले नव्हते. विंकलर यांना वॉटर-स्कीइंग उत्तम येत होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि मिलवॉकीतील एका घराची गोष्ट समुद्रातल्या शार्कपाशी येऊन ठेपली. त्याच पर्वात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, रॉबिन विल्यम्स यांनी साकारलेला मॉर्क नावाचा परग्रहवासी कनिंगहॅम कुटुंबाच्या भेटीला आला. यातून ‘मॉर्क अँड मिंडी’ ही स्वतंत्र आणि यशस्वी मालिका जन्मली हे खरे. पण पन्नाशीच्या दशकाच्या आठवणी जागवणारी ती मूळ गोष्ट आता फारशी शिल्लक राहिली नव्हती.

करामतींची वर्गवारी

घसरणीला लागलेल्या मालिकांच्या करामती देशोदेशी बऱ्याच सारख्या असतात. सर्वांत सोपी करामत म्हणजे नवे मूल आणणे. घरातील मुले मोठी झाली, त्यांचा गोडवा संपला की एखादा चुलत किंवा मामेभाऊ दारात उभा राहतो. ‘द ब्रॅडी बंच’ या अमेरिकी मालिकेत १९७४ मध्ये ऑलिव्हर नावाचा मुलगा असाच आणला गेला. तो सहा भागांत दिसला आणि मालिकाच संपली.

दुसरी करामत स्वप्नाची. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण ‘डॅलस’चे. या मालिकेत १९८० मध्ये खलनायक जे. आर. ह्याच्यावर गोळी झाडली गेली आणि ती कोणी झाडली, या प्रश्नाने जगभरच्या प्रेक्षकांना काही महिने झुलवत ठेवले. तीही एक करामतच होती. मात्र जे. आर.ने इतके शत्रू करून ठेवले होते की गोळी कुणीही झाडली असती. म्हणजेच ती घटना कथेच्या पोटातून आली होती. मे १९८५ मध्ये मात्र बॉबी युइंग हे पात्र मोटारीच्या धडकेत मरण पावले, कारण ती भूमिका करणारे पॅट्रिक डफी यांना मालिका सोडायची होती. वर्षभरात मालिकेची लोकप्रियता घटली आणि डफी यांना परत बोलावण्यात आले. मेलेल्या माणसाला आणायचे कसे? १९८६ मध्ये बॉबीची पत्नी पॅम झोपेतून जागी होते, तर बॉबी न्हाणीघरात शॉवरखाली उभा! मधले अख्खे वर्ष हे तिचे स्वप्न होते, असा खुलासा करण्यात आला. प्रेक्षकांनी वर्षभर ज्या पात्रांसाठी जीव पाखडला, त्यांच्या आयुष्यात काही घडलेच नव्हते. ‘डॅलस’च्याच पोटातून निघालेल्या ‘नॉट्स लँडिंग’ या मालिकेने तर हे स्वप्न मानलेच नाही. तेथे बॉबी मेलेलाच राहिला. १९८५-८६ च्या हंगामात सहाव्या क्रमांकावर असलेली ‘डॅलस’ पुढच्या हंगामात अकराव्या क्रमांकावर गेली.

तिसरी करामत परिस्थितीच पालटून टाकण्याची. ‘रोझॅन’ ही मालिका पैशाची चणचण सोसणाऱ्या कामगार कुटुंबाची होती आणि तिचा सारा विनोद त्या चणचणीतून फुलत असे. १९९६-९७ च्या पर्वात या कुटुंबाला प्रचंड रकमेची लॉटरी लागली. पैशाची विवंचना संपली आणि तिच्याबरोबर मालिकाही संपली. शेवटच्या भागात, हे सारे रोझॅनने दुःख विसरण्यासाठी लिहिलेले काल्पनिक कथानक होते, अशी सारवासारव करावी लागली.

या उदाहरणांतून एक कसोटी हाती लागते. करामत अतर्क्य आहे की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. ती करामत मालिकेच्या स्वतःच्या जगाचे नियम पाळते की मोडते, हा खरा प्रश्न आहे. परीकथेत राक्षस उडाला तर कुणी हरकत घेत नाही. पण ज्या घरात आजवर भाजी निवडणे आणि रुसवेफुगवे एवढेच चालत आले, त्या घरात तो उडू लागला की प्रेक्षक चमकतो.

आपल्याकडची रोजची उडी

भारतातील दैनंदिन मालिकांत ही कसोटी अधिकच कठोर ठरते. अमेरिकेतील विनोदी मालिकेचे वर्षाला बावीस-चोवीस भाग होतात. आपल्याकडे आठवड्याला पाच, पुढे सहा आणि काही मालिकांचे सात भाग दाखवले जाऊ लागले. म्हणजे अमेरिकी मालिकेला दहा वर्षांत जितके भाग लागतात, तितके आपली मालिका साधारण एका वर्षात संपवते. ‘हॅपी डेज’चे अकरा पर्वांत मिळून २५५ भाग झाले. ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’चे नोव्हेंबर २००८ पर्यंत १८०० हून अधिक भाग झाले.

बालाजी टेलिफिल्म्सच्या या मालिकेने भारतीय करामतींचा जणू पाठच घालून दिला. अमर उपाध्याय यांनी साकारलेल्या मिहिर विराणीचा मृत्यू दाखवताच प्रेक्षक हळहळले, संतापले आणि मिहिर स्मृती गमावलेल्या अवस्थेत परत आला. त्यानंतर या भूमिकेतील नट बदलले. आधी इंदर कुमार आले, मग रोनित रॉय. तेवढ्यात कथानकाने वीस वर्षांची झेप घेतली. स्मृती इराणी यांची तुलसी सुनेची सासू झाली, पुढे आजीही झाली. सुधा शिवपुरी यांच्या ‘बा’ मात्र प्रत्येक झेपेनंतर तशाच राहिल्या आणि त्यांच्या वयाचा हिशेब हा घरोघरी विनोदाचा विषय बनला. ‘लीप’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो अशाच मालिकांमुळे.

पुढच्या दशकात याहून मोठी उडी पाहायला मिळाली. ‘कलर्स’ वाहिनीवर एप्रिल २०११ मध्ये सुरू झालेली ‘ससुराल सिमर का’ ही नृत्याची स्वप्ने पाहणारी सिमर, तिची धाकटी बहीण रोली आणि परंपरेला घट्ट धरून बसलेले सासर यांची गोष्ट होती. हळूहळू तिच्यात डाकिणी आणि इच्छाधारी नागिणी अवतरल्या. २०१६ मध्ये तर दीपिका कक्कड यांनी साकारलेल्या सिमरचे जादूटोण्याने चक्क माशीत रूपांतर झाले. घरातील माणसे वावरत आहेत आणि नायिका त्यांच्याभोवती घोंघावते आहे, या दृश्याची देशभर टिंगल झाली. तरीही ही मालिका मार्च २०१८ पर्यंत चालली आणि तिने दोन हजार भागांचा टप्पा ओलांडला.

मराठीत दैवी-अघोरी उड्या तुलनेने कमी दिसल्या. आपला रोग ताणण्याचा. ‘ई टीव्ही मराठी’वरील ‘चार दिवस सासूचे’ ही रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची मालिका २००१ मध्ये सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. म्हणीत सासूचे चारच दिवस असतात, मालिकेत ते अकरा वर्षे पुरले. ‘झी मराठी’वरील ‘होणार सून मी ह्या घरची’ ही २०१३ मध्ये सुरू झालेली मालिका सहा सासवा आणि एक सून या ताज्या कल्पनेमुळे घरोघरी पाहिली गेली. पण २०१५ मध्ये जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले, की बाळ केव्हा जन्मणार यावरचे विनोद मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागले. येथे शार्क नव्हता, माशीही नव्हती. तरीही जगाचा नियम मोडलाच होता, कारण नऊ महिन्यांचे गणित प्रत्येक घराला ठाऊक असते.

करामतीमागचे अर्थकारण

लेखकांना हे कळत नाही, असे समजणे अन्यायाचे ठरेल. कादंबरी किंवा नाटक लिहिणाऱ्याला शेवट आधी ठाऊक असतो. दैनंदिन मालिकेच्या लेखकाला तो ठाऊक नसतो, कारण शेवट त्याच्या हातातच नसतो. मालिका केव्हा संपवायची हे वाहिनी ठरवते आणि वाहिनी ते टीआरपी पाहून ठरवते. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतील टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवरून हा आकडा काढला जातो. पूर्वी हे काम ‘टॅम’ ही संस्था करीत असे, २०१५ पासून ते ‘बार्क’कडे आले. आकडे दर आठवड्याला हाती पडतात. आकडा घसरला की पुढच्या आठवड्याचे कथानक बदलते. कथा, पटकथा आणि संवाद यांचे लेखक बहुधा वेगवेगळे असतात. चित्रित भागांचा साठा अनेकदा काही दिवसांचाच असतो. अशा घाईत पात्राच्या स्वभावातून घटना फुलवायला वेळ नसतो. अपघात, स्मृतिभ्रंश, जुळी बहीण, तोंडवळा बदलणारी शस्त्रक्रिया ही तयार औषधे मात्र कपाटात असतातच.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. निर्मात्याला वाहिनीकडून भागागणिक पैसे मिळतात. गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता येथील सेटवर प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, सुतारकाम करणारी माणसे दिवसाच्या पाळीवर जगतात. मालिका बंद झाली की त्या सर्वांची रोजी थांबते. त्यामुळे ‘आता आवरा’ हे प्रेक्षकाने म्हणणे जितके सोपे आहे, तितके ते सेटवर म्हणणे सोपे नाही. चालती मालिका बंद करून नवी सुरू करणे वाहिनीलाही जुगारासारखे वाटते. जुना प्रेक्षक कुरकुरत का होईना बसून राहतो, नवा येईलच याची खात्री नसते.

उडीनंतरचे आयुष्य

या साऱ्या कहाणीत एक गंमतही दडलेली आहे. शार्कवरून उडी मारल्यानंतर ‘हॅपी डेज’ बुडाली नाही. त्या हंगामात ती देशात दुसऱ्या क्रमांकावर राहिली, पुढच्या हंगामातही पहिल्या पाचांत होती. १९८० मध्ये रॉन हॉवर्ड दिग्दर्शनाकडे वळण्यासाठी बाहेर पडले, तरीही मालिका १९८४ पर्यंत चालली. शार्कचा तो भाग लिहिणारे फ्रेड फॉक्स ज्युनियर यांनी २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये लेख लिहून नेमका हाच मुद्दा मांडला. तो भाग तीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला आणि त्यानंतर दीडशेहून अधिक भाग झाले, तेव्हा तेथूनच घसरण झाली असे कसे म्हणता, असा त्यांचा सवाल होता.

सवाल बिनतोड आहे आणि त्यातूनच या विषयाचे मर्म उलगडते. करामत फसते म्हणून ती घातक नसते. ती यशस्वी होते, हाच तिचा धोका! एका उडीने आकडा सावरला की पुढच्या घसरणीला त्याहून मोठी उडी लागते. सासू-सुनेच्या भांडणावर भागत नाही म्हणून नागीण येते आणि नागिणीवर भागत नाही म्हणून माशी. दरम्यान प्रेक्षक पाहतच असतो, पण पाहण्याची जात बदललेली असते. आधी तो पात्रांच्या काळजीने पाहत होता, आता आणखी काय काय करतात या कुतूहलाने पाहतो. टीआरपीच्या यंत्राला हे दोन्ही प्रेक्षक सारखेच दिसतात. ते टीव्ही चालू होता एवढे मोजते. बघणारा रडत होता की खिदळत होता, हे त्याला कळत नाही.

आवरते घेण्याची कला

वेळेवर थांबणारेही आहेत. ब्रिटनमधील ‘फॉल्टी टॉवर्स’ या मालिकेचे १९७५ आणि १९७९ या दोन पर्वांत मिळून अवघे बारा भाग झाले आणि विनोदी मालिकांच्या चर्चेत तिचे नाव अजूनही अग्रक्रमाने घेतले जाते. जेरी साइनफेल्ड यांनी १९९८ मध्ये आपली मालिका पहिल्या क्रमांकावर असताना, प्रचंड मोबदल्याचा प्रस्ताव नाकारून बंद केली. मराठीत सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या भरात त्याच वर्षी संपली. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांची ती जोडी प्रेक्षकांना हवीहवीशी वाटत असतानाच पडदा पडला, म्हणूनच ती गोडीने आठवली जाते.

आठवणीचे मोल वाहिन्यांनाही ठाऊक आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २९ जुलै २०२५ रोजी नव्या रूपात पुन्हा सुरू झाली, ती लोकांच्या मनातील जुन्या जिव्हाळ्याच्या भांडवलावर. हे भांडवल मालिकेच्या पहिल्या काही वर्षांत जमा होते आणि पुढची वर्षे ते खर्च करण्यात जातात. किती खर्च करायचे आणि केव्हा हात आखडायचा, एवढाच निर्मात्यांच्या हातातला निर्णय.

रोज रात्री ठरावीक वेळी एखाद्या अनोळखी कुटुंबाला आपल्या दिवाणखान्यात येऊ देणे, ही प्रेक्षकाने दाखवलेली आपुलकी असते. स्वयंपाक आवरून, मुलांचा अभ्यास घेऊन, कचेरीतून थकून आलेली माणसे त्या अर्ध्या तासात दुसऱ्याच्या सुखदुःखात गुंततात. जे मेले ते मेलेले राहतील आणि जे घडले ते घडलेले राहील, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती मोडली तर ते भांडायला येत नाहीत. एके दिवशी त्या वेळेला दिवाणखान्यातला टीव्ही लागत नाही, इतकेच.